पहिला घास कोणाच्या हातचा

खिरीची वाटी कमलेशच्या हातात होती आणि गुड्डी रिताच्या मांडीवर. पोरीचं आज उष्टावण. पहिला घास मामाने भरवायचा.

"थांब ना बाबू जराशीक," रिताची सासू शकुंतलाबाई म्हणाली. सुनेला अन् नातीला न्यायला ती सकाळीच मोहाडीहून बपेऱ्याला आली होती. "वीरेंद्रले येऊ दे. तोबी मामाच होय ना."

वीरेंद्र रिताचा चुलतभाऊ. गोंदियाला रेल्वेत.

"सख्खा मामा समोर बसला आहे, आई," रिता म्हणाली.

"मी कुठं नाही म्हणून राहिली? पण पहिला घास ज्याच्या हातचा, लेकराले त्याचेच गुण लागतेत. माणसानं जरा पाहून-सवरून..." पुढचं तिने गिळलं.

कमलेशची तिशी जवळ आली होती. शिक्षण केव्हाचं संपलं होतं, भरतीचं वयही निघून गेलं होतं. विचारलं तर तो 'पाहून राहिलो' म्हणायचा. हल्ली कोणी विचारतही नव्हतं.

त्याने वाटी अलगद खाली ठेवली.

"बरोबर आहे त्याईचं, ताई. वीरेंद्रदादाच भरवन." मग गुड्डीकडे न बघता, हळूच, "इले माहं काही लागाले नोको."

जमलेल्या बायका पदर सावरू लागल्या. कोणीतरी उन्हाचा विषय काढला. गुड्डी दोन्ही हातांनी वाटीकडे झेपावत होती. रिताने तिला जवळ आवळून धरलं.

"आई, मी बी.एड. केलं, माहीत आहे ना तुमाले?"

"त्याचं आता काय?"

"मले तरी कुठं लागली नोकरी? मी बी घरीच बसून आहो." रिताचा आवाज चढला नाही. "अन् सहा महिने ही माह्यंच दूध पिऊन राहिली. तेव्हा कोनी नाही म्हटलं, गुण लागतीन म्हणून."

बाहेर वीरेंद्रची गाडी येऊन थांबली. दाराशी जायला कोणी उठलं नाही.

"भरव रे," रिता म्हणाली.

कमलेशने वाटी उचलली. चमचा भरला आणि फुंकर घालू लागला. खीर केव्हाच निवली होती. तरी तो फुंकतच राहिला, आणि गुड्डी तोंड उघडून वाट पाहत राहिली.