ट्रॅक्टर कोणी आणला

"पॅरिस काय, सोम्यागोम्याही बघतो. खरा फ्रान्स खेड्यात," असं बायकोला ऐकवत विद्याधररावांनी आडवाटेला घातलेली भाड्याची गाडी ऐन डिसेंबरात द्राक्षमळ्याच्या कडेला चिखलात रुतली.

"अहो, त्या मळ्यातल्या घरात जाऊन मदत मागा ना," हेमलता म्हणाली.

"असं आगंतुकासारखं गेलेलं फ्रेंच माणसाला खपत नाही. तुला नाही कळायचं." त्यांनी काच वर घेतली. मागे लेक कुडकुडत होती.

हेमलताने नाक मुरडलं आणि चिखल तुडवत ती एकटीच निघाली. तिथल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला तिने हातवारे करत अस्सल मराठीत सगळं सांगितलं. त्याने लगेच ट्रॅक्टर काढला आणि गाडी ओढून दिली.

रस्त्याला लागताच विद्याधररावांनी नाशिकला भावाला स्पीकरवर फोन लावला. "रुतलो होतो रे! पण मी दोन शब्द फ्रेंच बोललो आणि ट्रॅक्टर हजर!"

लग्नापासून अशा थापांना हेमलता मुकाट मान डोलावत आली होती. आज तिला किळस आली.

"भाऊजी," ती फोनकडे वाकून म्हणाली, "तुमचे बंधुराज काच लावून गाडीत बसले होते. ट्रॅक्टर मी आणला."

पलीकडे अख्खं घर हसलं. मागे लेकही हसली. हेमलताने नवऱ्याच्या लाल झालेल्या कानाकडे बघितलं. तिला जराही दया आली नाही.