रस्त्याकडची बाजू

“रस्त्यावरून पाहिलंत ना? तसंच आहे सगळं,” निळ्या फाटकाच्या घराची मालकीण म्हणाली आणि तिने चहाचा कप पुढे केला.

बाईंनी पाहिलं होतं. वादळात गल्लीतली निम्मी छपरं उडाली होती, आणि या एका घरावर लालभडक नवी कौलं कशी ओळीत बसली होती. पण एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलेल्या माणसाचं एवढ्यावर समाधान होत नाही. उत्तर बरोबर आलं तरी रीत तपासायची, ही बाईंची खोड. कंत्राटदाराने ‘माझं काम बघायचं तर या घरी जा’ म्हणून पत्ता दिला, तेव्हा त्या पिशवीत मोजपट्टी टाकूनच निघाल्या होत्या.

“माणूस काम अर्धवट टाकून जात नाही ना?”

मालकिणीने कपाचा कान नीट धरला. “शब्दाचे पक्के आहेत.”

“वर जाऊन एकदा आतून बघू का? वासे दिसतील.”

“वर नको. सासूबाईंचा आत्ताच कुठे डोळा लागलाय.”

बाई उठल्या. जिन्याखाली पाच-सहा बादल्या पालथ्या घातल्या होत्या, त्यांतून पाय वाचवत त्यांनी चपला घातल्या. मालकीण फाटकापर्यंत सोडायला आली आणि तिने बाईंचा हात धरला.

“आजच हो म्हणून टाका त्यांना. उद्यावर ढकलू नका.”

किती आपुलकीची बाई, असं मनात म्हणत बाई घरी आल्या. संध्याकाळी त्यांनी कंत्राटदाराला होकार कळवला.

त्याचं बोलणं मऊ होतं आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘नक्की’ असायचं. बाईंच्या यजमानांनी पहिल्याच दिवशी त्याला ‘नक्कीसाहेब’ करून टाकलं. यजमान पुढच्या खोलीत पलंगावर होते. वादळानंतर स्वतःच छप्पर बघायला शिडीवर चढले आणि खुबा मोडून घेतला. डॉक्टरांनी महिनाभर हलवायची सक्त मनाई केली होती.

नक्कीसाहेबाने तीन दिवसांत सगळी जुनी कौलं उतरवली, रस्त्याकडची बाजू नवीन कौलांनी झाकली आणि मागच्या बाजूला ताडपत्री बांधली. चौथ्या दिवशी कोणी आलं नाही. पाचव्याही दिवशी नाही.

“दुसरीकडे अडकलोय, बाई. परवा नक्की.”

असे अकरा दिवस गेले. बाईंनी निळ्या फाटकाच्या घरी फोन लावला. “येतील हो, थोडा धीर धरा,” म्हणून मालकिणीने घाईने ठेवून दिला. तिच्या आवाजामागे कुठेतरी हातोडी चालू होती.

मग पाऊस आला. वरच्या रिकाम्या खोलीतून पाणी खाली उतरलं आणि यजमानांच्या पायांशी टपकायला लागलं. बाईंनी घरातल्या सगळ्या बादल्या मांडल्या.

“पलंगाला छत्री बांध,” यजमान म्हणाले. “आज आई असती ना, तर त्या नक्कीसाहेबाला कान धरून वर चढवलं असतं तिने.”

वारून बारा वर्षं झालेल्या सासूबाईंची बाईंना पहिल्यांदाच मनापासून आठवण आली.

बुधवारी रेडिओवर सांगितलं, शनिवारी आणखी मोठं वादळ येणार. बाईंनी चार कंत्राटदारांना फोन केले. दुसऱ्याने उघडलेलं छप्पर हातात घ्यायला कोणी तयार नव्हतं. ताडपत्रीच्या दोऱ्या आताच तुटायला आल्या होत्या, आणि पलंगावरच्या माणसाला न्यायचं कुठे? बाईंना आयुष्यात इतकी भीती कधी वाटली नव्हती.

त्याच दुपारी नक्कीसाहेबाचा फोन आला.

“बाई, उद्या चारला एक गिऱ्हाईक तुमचं छप्पर बघायला येईल. चार चांगले शब्द सांगा. त्यांचं काम मला मिळालं की शुक्रवारी सकाळी माझी माणसं तुमच्याकडे. नक्की.”

“आणि नाही सांगितले तर?”

“मग माणसं आणू कुठून मी? तुम्हीच सांगा.”

बाईंनी रागाने फोन ठेवला आणि सगळं यजमानांच्या कानावर घातलं.

“सगळं सांगून टाक त्या गिऱ्हाइकाला,” यजमान म्हणाले.

“सांगणारच आहे. तारखांसकट.”

त्यांनी लाल शाईचं पेन घेतलं आणि कागदावर सगळं उतरवलं. कधी आला, कधी नाही आला, काय म्हणाला. खाली दोन रेघाही मारल्या.

गुरुवारी चारला बेल वाजली. दारात एक तरुण मुलगी होती, कडेवर वर्षभराचं मूल. तिने बाईंकडे पाहिलं आणि तिचा चेहरा एकदम खुलला.

“बाई, तुम्ही? माझी सातवी तुमच्याच वर्गात झाली. मला तर टेन्शनच आलं होतं, कोणावर विश्वास ठेवायचा म्हणून. आता तुम्ही सांगाल ते खरं.”

“बस,” बाई म्हणाल्या. कागद त्यांच्या हातातच होता.

“रस्त्यावरून बघितलं. काय सुंदर बसवलीत कौलं.”

घराच्या मागच्या बाजूला वारा सुटला होता. ताडपत्री एकदा फडफडली. पुढच्या खोलीचं दार बाईंनी लोटून घेतलं होतं, तरी यजमानांचं कण्हणं ऐकू आलं. बाईंनी कागदाची घडी घातली, मग आणखी एक.

मुलगी उठून जिन्याकडे वळली. “माणूस कसा आहे ते सांगा हं, पण आधी वर जाऊन वासे बघून येते. तुम्हीच शिकवलंय ना, उत्तर बरोबर असलं तरी रीत तपासायची.”

तिचा पाय पहिल्या पायरीवर पडला.

“वर नको,” बाई म्हणाल्या. “सासूबाईंचा आत्ताच कुठे डोळा लागलाय.”