लाईनचा खेळ

पडद्यावर घरच्या राउटरचं पोर्ट बंद दिसलं तेव्हा इंद्रजीत पुण्याच्या ऑफिसात जेवायला बसला होता. दोन घास होईस्तोवर ते चालू झालं. मग पुन्हा बंद.

"घरचं हाय का?" शेजारच्या अश्वजितने विचारलं. तोही विदर्भातलाच, राजूरचा.

"हो. लाईनचा खेळ सुरू हाय."

उमरखेडजवळच्या तांड्यात इंद्रजीतची याडी, म्हणजे आई, मानीबाई एकटी राहायची. ती जन्माची मूकबधिर, तिला फोनचा काय उपयोग? म्हणून त्याने घरात राउटर बसवला आणि एक स्क्रिप्ट लिहिली. ती दर मिनिटाला घरचं पोर्ट, म्हणजे राउटर चालू आहे की नाही, ते तपासायची. काही झालं तर याडीने राउटरची पिन भिंतीवरच्या सॉकेटमधून काढायची. पोर्ट बंद दिसलं की इंद्रजीतचा फोन वाजणार आणि तो शेजारच्या धरमसिंगकाकांना घरी पिटाळणार. खुणांनी हे शिकवलं तेव्हा याडी पोट धरून हसली होती.

पण तांड्यातली लाईन, म्हणजे वीज, बेभरवशाची. काका धापा टाकत पोचायचे तर याडी आपली निवांत भाकरी थापत बसलेली.

"कायले पळवतं बे मले?" एकदा ते करवादलेच. "लाईन गेलती निस्ती!"

तेव्हापासून इंद्रजीतने एक ओळ वाढवली. पोर्ट सलग दहा मिनिटं बंद राहिलं, तरच फोन वाजेल. याडीला हे खुणांनी सांगायचं तेवढं राहून गेलं. सगळ्यांचीच कटकट मिटली.

आताही फोन गप्प होता. पडद्यावर नुसतं बंद, चालू, बंद, चालू.

"काकाले इचारून पाहतं का?" अश्वजित म्हणाला.

"नाही बे. फुकट बोलणी खाईन."

जेवण उरकेपर्यंत पोर्ट चालू झालं, ते चालूच राहिलं. इंद्रजीत निर्धास्त झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांचा फोन आला, याडी गेली. इंद्रजीत रात्रीपर्यंत तांड्यावर पोचला, याडीला अग्नी दिला आणि घरी येऊन लहान पोरासारखा रडला.

"तुई काकी ताक द्याले गेलती," काका सांगत होते. "भिंतीपाशी पडून होती बिचारी."

त्याच भिंतीवर राउटरचा हिरवा दिवा लागलेला होता. पिन जागच्या जागी. याडीने बोलावलंच नाही, म्हणजे तिला त्रास झाला नसावा. या एका विचारावर तो तगून होता.

"तिले काही समजलंच नसंल, काका," तो डोळे पुसत म्हणाला. "आन् काल दुपारी लाईन बी किती जाऊन-येऊन राह्यली होती."

काकांनी मान वर केली.

"काल? काल तं लाईन गेलीच नाही, बेटा."