पाचव्या नावापुढे

ताईने भात नुसताच चिवडला आणि समोर पाहिलं. हळूबाई निवांत जेवत होती. तिला काहीच माहीत नाही असं ताईला वाटत होतं. मेसच्या भिंतीवरचं घड्याळ दीड दाखवत होतं.

वसतिगृहात नव्याने आलेल्या मुली बावरू नयेत म्हणून रेक्टरबाईंनी यंदा एक पद्धत काढली होती. शेवटच्या वर्षातल्या एकेकीकडे पाच नव्या मुली सोपवायच्या. सुरुवातीला त्यांना एकटीने जेवू द्यायचं नाही. जिला आपलं असं कुणी मिळालं, तिच्या नावापुढे तक्त्यावर खूण करायची आणि तिच्या टेबलावरून उठायचं. हे उठायचं रेक्टरबाईंनी दोनदा बजावलं होतं.

ताईने हे काम मागून घेतलं होतं. का, ते कुणाला सांगितलं नव्हतं. दोन वर्षं ती मेस बंद होता होता यायची, टेबलं पुसणाऱ्या मावशींच्या फडक्यापुढे सरकत सरकत चार घास खायची आणि निघून जायची. आता भर गर्दीच्या वेळी पाच जणी तिच्यासाठी जागा धरून बसायच्या. तिला ते इतकं आवडलं, की ती रोज घरी फोन करून आईला जेवायला काय होतं ते सांगायला लागली.

पण पोरी पटापट रुळल्या. दुसऱ्या आठवड्यात चौघींनी मिळून आपलं वेगळं टेबल धरलं, आणि ताईला चार खुणा एकदमच कराव्या लागल्या. उरली ती हळूबाई. ती इतकं हळू बोलायची की वाढणाऱ्या काकांना दरवेळी कान पुढे करावा लागे, म्हणून हे नाव. महिना होत आला तरी तिच्या नावापुढची जागा कोरीच होती. आणि खरं सांगायचं तर ताईने तशी काही घाईही केली नव्हती.

काल त्या चौघींपैकी चष्मेवाली जिन्यात भेटली. प्रयोगशाळेचे गट पाच-पाच जणींचे, एकदा ठरले की वर्षभर तेच. त्यांच्या गटात एक जागा होती. हळूबाईला विचार, उद्या दोनच्या आत नाव द्यायचंय, एवढाच निरोप होता. ताई हो म्हणाली. मग संध्याकाळी हळूबाई दोन तास तिच्या खोलीत गप्पा मारत बसली, पण ताईने ताकास तूर लागू दिली नाही. हळूबाई गेल्यावर तिला स्वतःची लाज वाटली. तरी उठून मागे गेली नाही.

"चष्मेवाली काल भेटली होती," ताई एकदाची म्हणाली. "त्यांच्या गटात एक जागा आहे. तुला घ्यायचंय त्यांना. मी कालच सांगायला हवं होतं. मुद्दाम नाही सांगितलं."

हळूबाईने तोंडातला घास संपवला.

"माहितीये मला. सकाळी तिने मलाच विचारलं. मी नाही म्हटलं."

"का?"

"तू एकटी पडशील ना, ताई."

तिने हे अगदी साधेपणाने सांगितलं. त्यात कीव नव्हती, उपकाराचा आव नव्हता. ताईचे कान तापले. कोण कुणाला सांभाळत होतं, हे तिला आत्ता कळत होतं, आणि त्याहून वाईट म्हणजे तिला बरंही वाटत होतं. आता नुसतं गप्प बसलं तरी पुरे होतं. दोन वाजून गेले की वर्षभराची सोबत पक्की.

"वेडी आहेस का," ताई म्हणाली. "माझ्या मैत्रिणी महिनाभर बोलावतायत. तुझ्यामुळे अडकून पडलेय मी इथे."

हळूबाईचा चेहरा पडला. मग तिने हळूच विचारलं, कुठल्या मैत्रिणी. ताईने हात केला तो थेट खिडकीजवळच्या टेबलाकडे. तिथे सहा जणी बसल्या होत्या, सगळ्या शेवटच्या वर्षाच्या. एकाच जिन्याने ये-जा करण्याचं हे तिसरं वर्ष. ताईला त्यांची नावं पाठ होती, खोल्यांचे नंबरसुद्धा. त्यांच्यातलं कुणी इकडे बघत नव्हतं.

"ऊठ आता, दोन वाजतील," म्हणत ताईने ताट उचललं. हळूबाईनेही उचललं. चष्मेवालीने तिला येताना पाहिलं आणि शेजारच्या खुर्चीवरची पिशवी लगबगीने खाली ठेवली. पण हळूबाई बसेना. ताट हातात धरून ती ताईकडेच पाहत उभी राहिली, ताई पोहोचते की नाही ते बघत.

आता मागे फिरण्याची सोय नव्हती. ताई चालत खिडकीपर्यंत गेली, एक रिकामी खुर्ची ओढली आणि रोजची जागा असल्यासारखी बसली. बसताना हसलीसुद्धा. पलीकडे हळूबाई खाली बसली.

टेबलावरच्या गप्पा थांबल्या. सहाही जणी तिच्याकडे पाहू लागल्या. त्यांच्यातल्या एकीने जरा सरकून तिच्या ताटाला जागा केली.

"नवीन आलीयस का गं?" तिने मायेने विचारलं.

"हो," ताई म्हणाली.