ऐंशीच्या वर नाही

"ही पाचवी बॅटरी आता भंगारात," तपासणीला आलेल्या बाई म्हणाल्या. "चौसष्ट टक्केच तब्येत उरलीय. सत्तरच्या खाली ठेवता येत नाही."

ऑपरेटर खुर्चीतून उठलाच. केंद्रात पाच कंटेनर होते, प्रत्येकात एक बॅटरी. वीज ग्रिडची वारंवारता पन्नास हर्ट्झच्या खाली घसरली की बॅटरीने वीज द्यायची, वर चढली की घ्यायची. हे देणंघेणं तो आणि त्याची बायको अकरा वर्षं पाळीपाळीने सांभाळत होते. चार बॅटऱ्या कॉम्प्युटर भरायचा. पाचवी तिने जोडून घेतली होती, म्हणून ती त्याने स्वतःच्या हातात ठेवली होती. बायको जाऊन आठ महिने झाले होते.

"पोरीसारखी जपलीय हो मी. ऐंशीच्या वर कधी भरली नाही. सारखी पूर्ण भरली की लवकर म्हातारी होते."

"खरंय. पण कधीच पूर्ण भरली नाही, तर तब्येत मोजणाऱ्या मीटरचा अंदाज चुकत जातो. बॅटरी ठणठणीत असेल, मीटरच वेडं झालं असेल."

"म्हणजे भंगारात नाही?"

"एकदा पूर्ण भरून रिकामी करू. मग खरं काय ते कळेल."

त्याच्या जिवावर आलं. याच गोष्टीवरून बायकोशी त्याचं वाजायचं. 'महिन्यातून एकदा तरी भरा,' ती म्हणायची. तो ऐकायचा नाही. शेवटी तिने हात टेकले होते.

बॅटरी भरली. मग रिकामी केली. तो कंटेनरच्या दारापासून हलला नाही, जेवलाही नाही. संध्याकाळी आकडा आला. ब्याण्णव.

"वाचली," एवढंच म्हणून त्याने डोळे पुसले.

"दादा, एक कोडं आहे." बाईंनी जुन्या नोंदी उघडल्या. "इतकी वर्षं मीटर अगदी बरोबर होतं. आताच कसं बिघडलं?"

"आमची जपणूकच तशी होती," तो हसत म्हणाला.

बाई वाचता वाचता थांबल्या. त्यांनी स्क्रीन त्याच्याकडे वळवला.

दर महिन्याला एक नोंद होती, त्याच्या सुट्टीच्या दिवशीची. शेवटची नऊ महिन्यांपूर्वीची. प्रत्येकीखाली बायकोने तेच लिहिलं होतं:

"पूर्ण भरली, मीटर जुळवलं. यांना कुणी सांगू नका. पाचवी आपणच जपतो असं वाटतं त्यांना. वाटू दे."