दाराला तीन कड्या

"दार उघडण्याआधी कोण आलंय ते विचारता ना, मावशी?"

"विचारते तर! साखळी लावूनच बघते," मावशी म्हणाल्या. पोलीसताईने घोटून घेतलेला धडा होता तो, आणि मावशी पहिल्या नंबराने पास होत होत्या.

पाहणीला आलेल्या बाईंनी कागदावर खूण केली. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना पोलीस नीट सांभाळतात की नाही, हे घरोघर जाऊन तपासायचं त्यांचं काम. मोठ्या कचेरीतून आल्या होत्या, पण बोलायला साध्या. चहासुद्धा कपाचा तळ दिसेपर्यंत प्यायल्या.

"पोलीसताई दर सोमवारी येते?"

"न चुकता. दाराला तीन कड्या बसवून दिल्या. शिट्टी दिली. खालच्या वॉचमनलाही बजावून ठेवलंय म्हणे."

शिट्टी मावशींनी शिवणयंत्राच्या खणात टाकून दिली होती. घाबरायचं कुणाला? उभा जन्म लोकांचे कपडे शिवण्यात गेला; उलट गिऱ्हाईकंच त्यांच्या जिभेला टरकून असत.

त्या जिभेनेच घात केला. चार वर्षांपूर्वी मुलाशी खटका उडाला, तोही एका मोडक्या कपाटावरून. "चालता हो!" असं त्या म्हणाल्या, आणि पोरगा हट्टाला आईवरच गेलेला, तो खरोखरच चालता झाला. नंबर बदलला, खोली बदलली. मावशींनी दोन वर्षं वाट पाहिली. जिन्यात पाऊल वाजलं की शिलाई तिरकी जायची. शेवटी लाज गुंडाळून ठेवून त्यांनी चौकी गाठली.

"तिशी ओलांडलेला मुलगा आईला भेटत नाही, ही काय तक्रार झाली, मावशी?" तिथला हवालदार म्हणाला होता. "मारलं-बिरलं असेल तर सांगा. आत्ता उचलतो."

मावशींनी क्षणभर विचार केला. उचलतील म्हणजे आणतील तरी! समोर उभा करतील, मग आपण कान धरून घरी घेऊन येऊ.

"मारलं," त्या म्हणाल्या, आणि त्याचा एकुलता एक फोटो टेबलावर ठेवला.

करायला गेल्या एक आणि झालं भलतंच. मुलगा आला नाही, कड्या आल्या. त्यालाही आता दोन वर्षं होत आली. दर सोमवारी मावशी विचारायच्या, "त्याचा काही पत्ता?" पोलीसताई त्यांचा हात हातात घेऊन म्हणायची, "घाबरू नका हो." खरं ते कितीदा ओठांवर आलं. पण खोटं उघडं पडलं तर शोधायचंच सोडून देतील, या भीतीने त्या गिळून टाकायच्या.

आज मात्र त्यांना राहवेना. पोराच्या आठवणीने सकाळपासून घास उतरला नव्हता. ही वरची बाई आहे, मनात आणलं तर एका फोनवर शोधून काढेल. मग काय व्हायची ती शिक्षा होवो.

"बाई, मला एक कबूल करायचंय. माझ्या मुलाबद्दल..."

"त्याच्याचबद्दल सांगणार होते मी," बाई हसल्या आणि त्यांनी फाईल मिटली. "चांगली बातमी आहे."

"सापडला?" मावशी उठून उभ्याच राहिल्या.

"बसा, बसा. तुम्ही धसका घ्याल म्हणून आमच्या लोकांनी इतके दिवस कळू दिलं नाही. दोन वर्षांत अकरा वेळा आला तो खालच्या फाटकाशी. रडायचा, पाया पडायचा, एकदाच आईला बघू द्या म्हणायचा. पण वॉचमनजवळ फोटो होता. सुटून आल्यावर डूख धरेल म्हणून उचलला नाही, पण दर वेळी परत पाठवला. तुमच्याइतकं चोख कुणालाच सांभाळलेलं नाही, मावशी. आणि आता तर निर्धास्त झोपा. परवा त्याने सहीनिशी लिहून दिलंय, की आईला माझी एवढी भीती वाटत असेल, तर मी पुन्हा कधीच येणार नाही."