बिनशपथेचा शब्द

"एवढंच म्हणायचं, 'तो आमच्या ताब्यात नाही', आणि खाली बसायचं," गृहसचिव म्हणाले. "त्यात एवढा विचार कसला करताय, बाई?"

बाई आरशासमोर गळ्याची पांढरी पट्टी बांधत होत्या. गाठ आज काही केल्या जमत नव्हती. बाई म्हणजे देशाच्या महान्यायवादी, सरकारच्या सगळ्यात मोठ्या वकील. सरकारला कुणी कोर्टात खेचलं की उत्तर द्यायला उभं राहायचं ते त्यांनी. आज खेचलं होतं एका शाळामास्तराच्या बायकोनं. माझ्या नवऱ्याला तुमच्या माणसांनी घरातून उचलून नेलं, तो कुठे आहे ते सांगा, एवढंच तिचं मागणं होतं.

"मग तसं शपथपत्र करून द्या," बाई म्हणाल्या. "तुमच्या सहीचं."

"माझं कशाला? तुमच्या शब्दाला शपथ लागत नाही. म्हणून तर तुम्हाला उभं करतोय."

ते मात्र खरं होतं. समोरच्या भिंतीवर आधीच्या महान्यायवादींच्या तसबिरी ओळीनं लावलेल्या होत्या. अगदी डावीकडचे गृहस्थ राजाचे वकील. त्यांनी एकदा भर कोर्टात राजाच्याच अंगलट येणारी गोष्ट आपणहून सांगून टाकली. नोकरी गेली बिचाऱ्यांची. पण तेव्हापासून या पदावरच्या माणसाकडून कोर्टानं कधी शपथ घेतली नाही. तो उभा राहून बोलला की ते खरं धरायचं, अशी प्रथाच पडली. राजे गेले, सरकारं आली नि गेली, प्रथा राहिली. मधल्या मंडळींनी ती सांभाळली म्हणा, नाहीतर तिच्यावर पोट भरलं म्हणा.

बाई वळल्या. "खरं सांगा. आहे का तो तुमच्याकडे?"

सचिवांनी दार नीट लागलंय ना, ते पाहिलं. "आहे. ठणठणीत आहे. दम्याचा पंपसुद्धा दिलाय त्याला. आणि हे मी माझ्या वकिलाला सांगतोय, बरं का. अशिलाचं गुपित वकिलानं बाहेर फोडायचं नसतं. तुम्हाला मी काय शिकवणार?"

सचिवांच्या तोंडून ते चुकून निघालं नव्हतं. जाणूनबुजून सांगून त्यांनी बाईंचं तोंड बांधून टाकलं होतं. आता 'आहे' म्हणायची सोय उरली नाही. 'नाही' म्हटलं की त्या बायकोचा अर्ज आजच निकालात निघणार.

"आणि अर्ज निकालात निघाल्यावर? सोडणार त्याला?"

"बघू."

त्या 'बघू'ची बाईंना खरोखर भीती वाटली.

"मी राजीनामा देते."

"द्या की. तुमच्या हाताखालचे तयारच आहेत. उद्या तेच हे वाक्य म्हणतील, आणि तुमच्यापेक्षा खणखणीत म्हणतील."

तेवढ्यात पट्टेवाल्यानं दारावर टकटक केली. कोर्ट बसलं होतं.

मास्तराची बायको मागच्या बाकावर होती, शेजारी तिची सासू. सासूच्या मांडीवर लेकाच्या कपड्यांची पिशवी होती. आजच घरी न्यायचा, म्हणून धुतलेला सदरा बरोबर आणलेला. बाईंनी त्या पिशवीकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा पाहायचं टाळलं. सचिव दाराजवळच्या खुर्चीत पायावर पाय टाकून बसले.

"बोला, महान्यायवादी," न्यायमूर्ती समोरचे कागद चाळत, नेहमीच्या सवयीनं म्हणाले. "शपथपत्र नको. तुमचा शब्द पुरे."

बाई उठल्या. टेबलाची कड त्यांनी घट्ट धरली होती.

"माय लॉर्ड, आज माझा शब्द धरू नये."

न्यायमूर्तींनी मान वर केली. "काय म्हणालात?"

"आम्हाला शपथ घालायची नाही, ही या कोर्टाची जुनी प्रथा आहे. ती आज माझ्यापासून मोडावी, अशी माझी विनंती आहे. सरकारला जे सांगायचं आहे ते गृहसचिवांनी स्वतः शपथेवर सांगावं. ते इथेच बसलेत."

"कारण?"

"ते सांगायची मला मुभा नाही."

न्यायमूर्तींनी चष्मा काढून बाजूला ठेवला. "समजलं," ते हळूच म्हणाले आणि दाराकडे वळले. "सचिव, पिंजऱ्यात या."

सचिवांनी पायावरचा पाय खाली घेतला. साक्षीदाराच्या पिंजऱ्याकडे जाताना ते बाईंच्या टेबलाशी क्षणभर थांबले. "तुमची तसबीर काही लागत नाही आता त्या भिंतीवर."

"नका लावू," बाई म्हणाल्या.

कारकुनानं शपथेचे शब्द वाचले आणि उजवा हात वर करायला सांगितलं. शपथेवर खोटं बोललं तर आपणच तुरुंगात जाऊ, हे सचिवांना बाईंइतकंच ठाऊक होतं. त्यांचा हात कोटाच्या बटणापर्यंत आला आणि तिथेच घुटमळला. ते बटण लावू लागले. ते आधीच लावलेलं होतं.

सगळं कोर्ट त्या हाताकडे बघत होतं. कुणी त्यांना घाई केली नाही.

मागच्या बाकावरून मास्तराची बायको बोलली. आवाज मोठा नव्हता, घरात कुणाला सांगावं तसा साधाच होता.

"घ्या ना हात वर."